वाड्यावरची नात, बागेतला राखणा

संगमेश्वरात बसून आपलेपणावर लिहायचं, तर शास्त्री आणि सोनवीचा संगम उपमेला हाताशीच आहे. ती उपमा मी सोडून देतो. नद्यांना एकत्र यायला कुणाची परवानगी लागत नाही, माणसांना लागते.

१८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून नजरकैदेत ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथंच वारला. त्याच्या थोरल्या मुलीचं मन वाड्यावरच्या दरवानावर, गोपाळ सावंतांवर जडलं. सावंत विवाहित होते. या दोघांची मुलगी टूटू. राजाच्या पश्चात १९१९ मध्ये कुटुंब मायदेशी परतलं; थोरली राजकन्या मात्र लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली. टूटू मराठीतच वाढली, मराठी माणसाशी लग्न केलं, गोवऱ्या थापून विकल्या आणि २००० साली गेली.

ही गोष्ट कोकणच्या मोठ्या मनाचा दाखला म्हणून सांगायचा मोह होतो. पण टूटूला जागा मिळाली ती गरिबांच्या रांगेत. तिथं वंशावळ विचारायला कुणाला सवड नसते. खाऊनपिऊन सुखी घरांनी त्याचं श्रेय घेऊ नये.

आज आमच्याकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात. माकडं हाकलायची, रात्रीचा पहारा, तोडणीला हात. बागेतच खोपटं, तिथंच चूल. त्यांची पोरं आमच्या पोरांबरोबर शाळेत जातात आणि मधल्या सुट्टीत संगमेश्वरी बोलीत कचाकचा भांडतात. मला हे लक्षण फार चांगलं वाटतं. पाहुण्याशी कोण भांडतं?

मोठ्यांचं गाडं मात्र तिथवर पोचलेलं नाही. वर्षाचं उत्पन्न ज्याच्या भरवशावर सोडून बागायतदार निर्धास्त झोपतो, त्याचं नाव विचारलं तर ‘आमचा गुरखा’ एवढंच उत्तर येतं. विश्वास आहे, पगार आहे. पंगतीला पान नाही. आणि वाटा दिल्याशिवाय ‘आपला’ म्हणणं फार स्वस्त पडतं.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. त्या दिवसांत ही माणसं बागेतच असतात. पालखी त्यांच्या खोपटाशीही क्षणभर टेकवावी, हा विषय यंदा गावकीच्या बैठकीत निघायला हवा. मानपानावरून आवाज चढतील, कुणी जुन्या रिवाजाचा दाखला देईल. चढू देत. शिमग्याची बैठक आवाज न चढता कधी पार पडली आहे?