आवडलं नाही, हे कसं सांगावं?

उर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने त्यांना गळ घातली होती, की किशोरवयीन मुलांसाठी काहीतरी लिहा. त्यावर विचार करताना ले ग्विन यांना प्रश्न पडला : गोष्टींमधले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का असतात? कधीतरी तेही पोरसवदा असतील, कुठेतरी शिकले असतील. त्या प्रश्नातून गॉन्ट बेटावर शेळ्या राखणारा गेड जन्माला आला आणि त्याला शिकवणारी रोक बेटावरची जादूगारांची शाळाही.

पन्नासहून अधिक वर्षं वाचक या पुस्तकाबद्दल बोलत आले आहेत आणि त्यांचं एकमत झालेलं नाही. कुणाला ते फार संथ वाटतं. निवेदक दुरून, एखादी जुनी आख्यायिका सांगावी तसा बोलतो, त्यामुळे गेडच्या जवळ जाताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटाबद्दल तर बरीच तक्रार. गेडने स्वतःच्या हाताने जगात सोडलेली एक सावली पुस्तकभर त्याच्या मागे लागते. शेवटी भर समुद्रात, एका मित्राला सोबत घेऊन, तो तिला गाठतो आणि स्वतःच्याच नावाने हाक मारतो. ना युद्ध, ना कुणाचा पाडाव. काही वाचकांना इथे फसवल्यासारखं होतं. काहींच्या मनातून हेच पान आयुष्यभर जात नाही. हे दोन्ही वाचक मला प्रामाणिक वाटतात. ‘मला कंटाळा आला’ असं जो म्हणतो तो स्वतःबद्दलचं एक सत्य सांगतो आणि त्या सत्यावर त्याचा पूर्ण अधिकार आहे. ‘हे पुस्तक टाकाऊ आहे’ असं जो म्हणतो, त्याने मात्र पुस्तकाबद्दल विधान केलेलं असतं. त्याच्यावर पुराव्याची जबाबदारी येते.

ही जबाबदारी किती सहज टाळली जाते, याचं एक उदाहरण. जादूची शाळा, उद्धट वर्गमित्र, चेहऱ्यावर व्रण असलेला मुलगा, एवढं पाहून ही ‘हॅरी पॉटर’ची नक्कल आहे, असं म्हणणारे नवे वाचक भेटतात. हॅरीचं पहिलं पुस्तक आलं १९९७ साली, म्हणजे गेडनंतर एकोणतीस वर्षांनी. पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेलं साल बघायला कितीसा वेळ लागतो? एका लेखिकेवर चोरीचा आळ घेण्याआधी तेवढा वेळ देणं, ही माझ्या मते नीतीची किमान अट आहे.

आपण असे आळ का घेतो, याचं उत्तर कादंबरीतच सापडतं. रोकच्या शाळेत जॅस्पर नावाचा एक मोठ्या घरचा, सफाईदार बोलणारा विद्यार्थी आहे. तो गेडला शेळ्या राखणारा पोर म्हणून डिवचत राहतो. गेडच्या अंगी विलक्षण शक्ती आहे, पण एका रात्री टेकडीवर तो जो मंत्र म्हणतो, तो ज्ञानासाठी नव्हे, जॅस्परला दाखवण्यासाठी. तो मृतांच्या जगातून एका जुन्या राणीला बोलावतो आणि उघडलेल्या फटीतून सावली आत येते. ती फट बुजवताना शाळेचे वयोवृद्ध प्रमुख नेमर्ल प्राण गमावतात. गेडने मिरवलं, किंमत दुसऱ्याने दिली.

हा प्रसंग मला जादूपेक्षा बोलण्याविषयी जास्त सांगतो. आपलं मत पुष्कळदा पुस्तकाविषयी नसतंच, ते ऐकणाऱ्यांसाठी असतं. मित्रांच्या घोळक्यात एखाद्या पुस्तकाची टर उडवली की आपण हुशार ठरतो. सगळे नावाजतात त्याला नावं ठेवली की वेगळे ठरतो. तरुण वयात हा मोह जबरदस्त असतो आणि त्याबद्दल मुलांना दोष द्यायला मी तयार नाही, कारण ही सवय आपणच त्यांना लावलेली असते. मूल गोष्ट वाचून संपवतं, की आपला प्रश्न तयार असतो : ‘मग काय बोध घेतलास?’ मोठ्यांना काय ऐकायला आवडतं, हे मूल लवकर ओळखतं. खोटं बोलू नये, गर्व करू नये, आईबाबांचं ऐकावं. गोष्टीतल्या राक्षसाची त्याला दया आली होती, किंवा राजकन्येचा राग आला होता, हे कुणी विचारत नाही, म्हणून ते सांगतही नाही. तेच मूल पंधरा वर्षांचं होतं, ऐकणारे बदलतात, मत दुसऱ्यांच्या पसंतीचंच राहतं.

अर्थसीच्या वाचकांमध्ये मला ज्यांचं सर्वाधिक मोल वाटतं, ते असं कुणासाठी बोललेले नव्हते. गेड गोरा नाही. त्याची कातडी तांबूस तपकिरी आहे, त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा आहे, आणि गोरे आहेत ते लुटालूट करत येणारे कार्ग. ले ग्विन यांनी हे जाणूनबुजून केलं होतं, पण गाजावाजा न करता. त्यांना वाटत होतं, की वाचक आधी गेडशी एकरूप व्हावा, मग त्याला रंग कळावा. कित्येक गोऱ्या वाचकांना तो शेवटपर्यंत कळला नाही. अनेक मुखपृष्ठांवर गेड गोरा रंगवला गेला. २००४ साली अमेरिकेतल्या एका वाहिनीने अर्थसीवर मालिका केली, तिच्यातही तो गोराच होता. तेव्हा ले ग्विन यांनी जाहीर लेख लिहून निषेध नोंदवला. त्या लेखात त्यांनी काही वाचकांची आठवण काढली आहे. हे वाचक वर्णाने गोरे नव्हते, संख्येनेही फार नव्हते. या प्रकारच्या साहित्यात आपल्याला सामावून घेणारी पुस्तकं फक्त हीच वाटली, असं त्यांनी लेखिकेला सांगितलं होतं. या मतात पुस्तकाला गुण दिलेले नाहीत, शैलीबद्दल शब्द नाही. पुस्तकाने आपलं काय केलं, एवढंच त्यांनी सांगितलं. आपल्या घरातली मुलंही इंग्रजी अद्भुत कथा वाचताना, चित्र नसलं तरी, नायक मनात अनेकदा गोराच रंगवतात. कुणी विचारलं तर कदाचित हे त्यांच्याही लक्षात येईल.

एक तक्रार मात्र अवघड होती, कारण ती खरी होती आणि प्रेम करणाऱ्यांकडून आली होती. पहिल्या पुस्तकात स्त्रिया जवळजवळ नाहीतच. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही. बायकांच्या जादूला हलकी आणि वाईट ठरवणाऱ्या म्हणी गॉन्ट बेटावर रूढ आहेत, आणि लेखिकेने त्या खोडून काढलेल्या नाहीत. जिने हे पुस्तक बारा-तेराव्या वर्षी उराशी धरलं, तिला वीस वर्षांनी पुन्हा वाचताना त्या जागी ठेच लागली, तर तिने काय करावं? पुस्तक फेकून द्यावं, की त्या काळी असंच लिहायचे म्हणून गप्प बसावं? मला दोन्ही अप्रामाणिक वाटतं. ठेच लागली हेही सांगावं आणि उराशी धरलं होतं हेही. अनेक स्त्री-वाचकांनी आणि समीक्षकांनी नेमकं हेच केलं.

ले ग्विन यांनी ते मनावर घेतलं. वीरकथेची परंपरा पुरुषांनी घडवलेली होती आणि आपण तिच्या आत राहून लिहीत होतो, असं त्यांनी १९९२ साली ऑक्सफर्डच्या भाषणात उघडपणे मांडलं. पण जुनं पुस्तक त्यांनी बदललं नाही. तिसऱ्या भागानंतर अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी ‘तेहानू’ लिहिलं. दुसऱ्या भागाची नायिका टेनार यात चाळिशी ओलांडलेली शेतकऱ्याची विधवा आहे. तिच्या ओटीत एक मुलगी येते, जिला तिच्याच माणसांनी आगीत ढकललेलं असतं. महाजादूगार गेड सगळी शक्ती गमावून परत येतो आणि शेळ्या राखू लागतो.

पुष्कळ वाचक संतापले. आमचा गेड हिरावून घेतला, कथेऐवजी प्रचार दिला, असं ते म्हणाले. मला त्यांची कळ समजते. बालपणातलं पुस्तक ही माणसाची जवळची मालमत्ता असते आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी, अगदी खुद्द लेखिकेनेही, हात फिरवलेला सोसत नाही. ‘मला हा गेड नको’ असं म्हणायचा त्यांना अधिकार आहेच. ‘तिने हे लिहायलाच नको होतं’ या वाक्याशी मात्र माझं भांडण आहे. भाजलेल्या मुलीच्या शेजारी रात्र-रात्र बसणाऱ्या बाईची कथा ज्याला प्रचार वाटते, त्याने स्वतःला विचारावं, की राजा-राजपुत्रांच्या तलवारींची कथा आपल्याला कधी प्रचार का वाटली नाही. हा प्रश्न विचारूनही ‘तेहानू’ न आवडणं शक्य आहे. मग ते न आवडणं विचारांती आलेलं असेल, आणि त्याच्याशी वाद घालण्यात आनंद आहे.

‘तेहानू’वर शेवटचा भाग असं छापलेलं होतं, पण तो शेवटचा ठरला नाही. २००१ साली आलेल्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ या संग्रहातल्या एका दीर्घकथेत रोकच्या शाळेच्या उगमाची हकीकत आहे. ती शाळा स्त्रिया आणि पुरुष यांनी मिळून उभारली होती. दार मुलींना पुढे, एका प्रमुखाच्या हुकमाने बंद झालं. पहिल्या पुस्तकातल्या त्या म्हणी आजही जागच्या जागी आहेत. फक्त त्या कुणाच्या सोयीच्या होत्या, हे आता वाचकाला ठाऊक आहे.