गुरुजींचे ऋण



लहानपणी ज्यांनी प्रेमाने शिकविले अशा शिक्षकांची आठवण निघाली की आपल्यापैकी बहुतेकांचे मन भरून येते. धडे विसरतात, कविता विसरतात. पण कोणी पाठीवर हात ठेवला हे विसरत नाही. ही कृतज्ञता चांगलीच आहे. तथापि तिच्याबरोबर एक प्रश्न येतो आणि तो आपण सहसा टाळतो. तोच आज आपणापुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

येथे इंदुरात खान नदीच्या काठी होळकरांचा लालबाग महाल आहे. १८८६ साली सुरू झालेले त्याचे काम १९२१ पर्यंत चालले. त्या बागेत सकाळी फिरावयास गेलो असता गेल्या हिवाळ्यात आम्हांला मराठी शाळेतला एक जुना वर्गमित्र भेटला. बाकावर बसलो आणि बोलणे साहजिकच तिसरीच्या गुरुजींकडे वळले. त्या वर्षी आमच्या वडिलांची नोकरी सुटली होती व घरात वहीपुरतेही पैसे नव्हते. गुरुजींनी ते कसे जाणले कोण जाणे! त्यांनी कपाटातून चार कोऱ्या वह्या काढल्या, आणि हे सुंदर अक्षराचे बक्षीस आहे असे वर्गासमोर सांगून आमच्या हाती दिल्या. वह्याही मिळाल्या आणि लाजही राखली गेली. आज आम्ही चार माणसांपुढे उभे राहून बोलतो, त्याचे मूळ त्या वह्यांत आहे असे आम्ही मित्राला सांगितले.

त्याने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुला वह्या दिल्या हे खरं. मला मात्र फी थकली म्हणून आठवडाभर दाराबाहेर उभं केलं होतं. तू आतून पाहत होतास."

आम्ही पुष्कळ आठवून पाहिले. वह्यांचा रंगसुद्धा आठवला. दाराबाहेरचा मुलगा मात्र आठवेना.

आता विचार करा, यांतले खरे गुरुजी कोणते? वह्या देणारे की दाराबाहेर उभे करणारे? मित्राचे ऐकून आमची कृतज्ञता खोटी ठरते काय? की कृतज्ञ राहावयाचे म्हणून त्याचे दुःख आम्ही कानाआड करावे?

या प्रश्नाचा उलगडा करताना लालबागेपासून वीसएक किलोमीटरवरच्या महूची आठवण झाली. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले. त्यांचे शालेय शिक्षण पुढे साताऱ्यास झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. कृष्णाजी केशव आंबेडकर नावाच्या ब्राह्मण शिक्षकांचा या मुलावर लोभ होता. मधल्या सुट्टीत त्याने जेवणासाठी दूर घरी जावे हे त्यांना आवडत नसे, म्हणून ते आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी त्याला देत, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. बाबासाहेबांना त्या भाकरीची गोडी जन्मभर आठवत असे. १९३० साली ते गोलमेज परिषदेस निघाले तेव्हा याच गुरुजींनी पाठविलेले प्रेमळ पत्र त्यांनी जपून ठेवले होते, असेही सांगतात.

पण साताऱ्याच्या त्याच शालेय दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः आणखी एक गोष्ट लिहून ठेविली आहे. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट रोज घरून आणावे लागे व संध्याकाळी परत न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती; शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी मिळे. शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे.

एकाच मुलाला भाकरी मिळाली आणि पाणी मिळाले नाही! बाबासाहेबांनी या दोन्ही गोष्टी आठवणीत ठेविल्या. तहान लक्षात होती म्हणून त्यांनी भाकरीचे उपकार नाकारले नाहीत, आणि भाकरी मिळाली म्हणून तहानेविषयी गप्पही बसले नाहीत. खरी कृतज्ञता अशी असते असे आम्हांस वाटते. एका मनुष्याच्या दयेने शाळेची रीत बदलली नाही. पण रीत वाईट होती म्हणून ती दया कवडीमोल ठरत नाही.

आमच्या गुरुजींविषयीही आता आम्ही असेच म्हणू. त्यांनी आम्हांला दिले ते खरे दिले. पण आमचे अक्षर चांगले होते, आम्ही आज्ञाधारक होतो. अशा मुलावर माया करणे सोपे असते. जो मुलगा गबाळा, मुका, फी न भरलेला, त्याच्यापर्यंत माया पोहोचावयास थोडे उठून चालावे लागते.

असे उठून चालणारे शिक्षकही झाले आहेत. मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर हे विल्सन हायस्कुलात शिकवीत. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचीत बसलेला त्यांना दिसे. तो त्यांच्या शाळेचा नव्हता, एल्फिन्स्टन हायस्कुलाचा होता. तरी त्यांनी त्याची विचारपूस केली. तोच भीमराव. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे कॉलेजच्या खर्चाची अडचण आली तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. केळुस्करांनी आपल्या वर्गाच्या दाराबाहेरचा मुलगा पाहिला, आणि त्याचे फळ साऱ्या देशाला मिळाले.

बंधुभगिनींनो, लहानग्याला थंड पाण्याचा एक प्याला देण्याविषयी प्रभू जे बोलला ते आपणांस पाठ आहे. परंतु तो प्याला आपण कोणाच्या हाती देतो? आपल्या रविवारच्या शाळेत वचन चटकन म्हणून दाखविणारी मुले पुढे बसतात आणि शाबासकीही त्यांनाच मिळते. चपलांपाशी घुटमळणारे एखादे मूल असतेच. त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? गुरुजी आता हयात नाहीत, वह्यांची परतफेड त्यांना करता येत नाही. ती त्या मुलाला करता येईल.

बागेतून निघताना आम्ही मित्राची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "अरे, तू तेव्हा आठ वर्षांचा होतास. तुझा काय दोष?" त्याचे म्हणणे खरे आहे. पण आज आम्ही आठ वर्षांचे नाही.