साबण वरच्या फळीवर, पोर ताटावर

बसा सगळे. मागे भिंतीला टेकून मोबाईल बघणाऱ्यांनी पुढे यावं. मुलांना मी वर्गात बघून घेते. आज पालकांची पाळी आहे.

काल खिचडी वाढायच्या आधी पहिलीच्या पोरांचे हात उलटसुलट करून पाहिले. नखांत माती, बेचक्यांत मळ. ‘हात धुतले का रे?’ तर सगळी एका सुरात ‘हो बाई!’ खोटं बोलत नव्हती बिचारी. घरी त्यांनी जे पाहिलंय तेच केलं होतं. तांब्यातलं पाणी चार बोटांवर ओतलं, चड्डीला पुसलं, झालं. हे कुणाकडून शिकली? माझ्याकडून नक्कीच नाही.

मग तुम्हीच येऊन सांगता, ‘बाई, पोराच्या अंगी काही लागत नाही, सारखं पोट दुखतं.’ कसं लागेल? फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये आम्ही शाळेत जंताची गोळी देतो. ती पोटातले जंत मारते. उद्या नखाखालून आत जाणारी अंडी ती अडवत नाही. जंतांची ही अंडी चिवट असतात, ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. सॅनिटायझरला ती भीक घालत नाहीत. आणि संडासहून आल्यावर अजून मातीनं हात घासणारी घरं आहेत आपल्या गावात! ज्या मातीत अंडी, त्याच मातीनं हात साफ करायचे? शाबास!

साबणच लागतो. घाण हाताच्या तेलकटपणाला धरून बसते. साबण तो तेलकटपणा सोडवतो, चोळलं की घाण सुटते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. पण चोळायला निदान वीस सेकंद द्या. बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणायला लावा, पाढाही पाठ होईल. तळवे, हाताची मागची बाजू, बेचकी, नखं आणि अंगठा. अंगठा सगळेच विसरतात. तुम्हीसुद्धा.

आता सांगा, घरी साबण कुठे असतो? न्हाणीतल्या वरच्या फळीवर. पाच वर्षांच्या पोराचा हात तिथं पोचतो? का ठेवलाय वर? तर ‘खाली ठेवला की वाया घालवतो.’ घालवू दे! डॉक्टरकडच्या एका खेपेत किती वड्या येतील, हिशेब करा. दाराशी गाडी लावायला जागा आहे, आणि पोराच्या उंचीवर साबण ठेवायला जागा नाही.

बाबा लोकांनी हसायचं कारण नाही. शेतावरून येता, पायावर पाणी घेता आणि टॉवेलला हात पुसून भाकरी मोडता. पोरगं शेजारी बसून ते बघत असतं. मी वर्गात शंभर वेळा सांगितलेलं तुमच्या त्या एका घासापुढे टिकत नाही.

राग आला ना? येऊ दे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं सहकाऱ्यांना सांगितलं की शवविच्छेदन करून बाळंतिणींना तपासायला जाता, आधी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवा. एप्रिलमध्ये त्यांच्या बाळंतिणींच्या विभागात शंभरात अठरा बाया दगावत होत्या, जूनमध्ये जेमतेम दोन. आकडे समोर असूनही मोठमोठ्या डॉक्टरांना अपमान वाटला. आमचे हात घाणेरडे कसे? तेवढ्या शिकल्या-सवरलेल्यांना राग आला, तर तुम्हाला येणारच.

शाळेच्या नळाला जाळीत साबणाची वडी बांधलेली आहे. ती संपलेली दिसली तर खुशाल येऊन मला झाडा, तो तुमचा हक्क आहे. पण घरची वडी आज रात्रीच फळीवरून खाली आली पाहिजे. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर पोराला नुसतं ‘जा, धू’ म्हणून पिटाळू नका. शेजारी उभं राहून आधी स्वतःचे धुवा. हे जमणार नसेल, तर पोराच्या पोटदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे यायचं नाही.