मृतांचे ऋण आणि नवे नगर

पडलेले घर पुन्हा उभारताना ते होते तसेच उभारावे की नव्याने बांधावे, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा आणि वास्तुशिल्पज्ञाचा वाटतो. थोडे खोल गेले की तो नीतीचा प्रश्न असल्याचे ध्यानी येते. जे गेले त्यांचे आपण काय देणे लागतो? त्यांच्या भिंती पूर्ववत उभ्या करणे ही त्यांच्या स्मृतीची खरी सेवा, की त्यांच्या लेकराबाळांच्या डोक्यावर छप्पर घालणे ही? दोन्ही साधता आले असते तर प्रश्नच उद्भवला नसता. परंतु साधने तोकडी असतात, माणसे उघड्यावर असतात आणि निवड करावी लागते. फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरील ल आव्र या शहराला १९४४ नंतर ही निवड करावी लागली. तिने दिलेले उत्तर तेथील रस्त्यांवरून चालताना आजही वाचता येते.

सेन नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे राजा पहिला फ्रान्सिस याने १५१७ साली हे बंदर वसवले. शहराच्या नावाचा अर्थच मुळी 'बंदर' असा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याचे बळकट लष्करी ठाणे केले. २५ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिस मुक्त झाले, तरी ल आव्रमधील जर्मन शिबंदी हटली नाही. नागरिकांना बाहेर जाऊ द्यावे, अशी विनंती जर्मन सेनाधिकाऱ्याने वेढा घालणाऱ्या ब्रिटिशांना केली. ती मान्य झाली नाही. ५ व ६ सप्टेंबर रोजी ब्रिटिश विमानांनी शहराचा मध्यभाग जवळजवळ भुईसपाट केला. १२ सप्टेंबरला शिबंदी शरण आली. त्या सप्टेंबरातील हल्ल्यांत सुमारे दोन हजार नागरिक मृत्युमुखी पडले होते. संपूर्ण युद्धाचा हिशेब मांडला तर पाच हजार मृत, साडेबारा हजार इमारती जमीनदोस्त आणि ऐंशी हजार माणसे बेघर.

हे बॉम्ब शत्रूचे नव्हते, मुक्तिदात्यांचे होते. शत्रूने मारलेल्यांसाठी शोक करणे सोपे, कारण शोकाला संतापाची जोड मिळते. मित्राच्या हातून मेलेल्यांसाठी कोणाकडे पाहून रडायचे? सगळा देश विजयाच्या घंटा वाजवीत असता या शहराला आपले दुःख गिळावे लागले. पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात, संपूर्ण शहरांचा सरसकट विध्वंस करणारी युद्धकृती हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. ती करणारा कोण आणि त्याचा हेतू काय, याची सवलत परिषदेने ठेवली नाही. ल आव्रच्या रस्त्यांवर उभे राहून ते वचन आठवले की त्याचे वजन कळते.

पुनर्बांधणीचे काम १९४५ मध्ये ओग्युस्त पेरे या सत्तरी ओलांडलेल्या वास्तुशिल्पज्ञाकडे आले. तो पाथरवटाचा मुलगा होता, आणि काँक्रीटला दगडाइतकीच प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्याने आयुष्य वेचले होते. पॅरिसजवळ ल राँसी येथे १९२३ साली त्याने उघड्या काँक्रीटचे चर्च बांधले होते. साऱ्या शहराची भूमीच साडेतीन मीटर उंच उचलावी आणि खाली नळ, तारा व वाहने यांची सोय करावी, अशी त्याची मूळ योजना होती. सिमेंट व पोलादाच्या टंचाईमुळे ती नामंजूर झाली. उरलेली योजना त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तडीस नेली. १९५४ साली पेरे निवर्तला. काम १९६४ पर्यंत चालले.

हे शहर पाहण्यास वाटाड्या लागत नाही. हाती साधा नकाशा घ्यावा आणि नगरसभागृहासमोरच्या विस्तीर्ण चौकातून निघावे. चार पावले गेल्यावर लक्षात येते की सर्वत्र एकच माप चालले आहे. खांबापासून खांबापर्यंत सहा मीटर चोवीस सेंटिमीटर. रस्त्याची रुंदी, घराची लांबी, दर्शनी भागाची ठेवण, सारे याच मापाच्या पटीत. प्रथम कंटाळा येतो. मग डोळा सरावतो आणि भेद दिसू लागतात. काँक्रीटवर हातोडी चालवून आतली खडी उघडी केली आहे. त्यामुळे एक भिंत फिकट गुलाबी भासते, तर दुसरी मातकट पिवळी. खिडक्या उभ्या, माणसाच्या उंचीच्या. आव्हन्यू फॉश हा रुंद रस्ता पश्चिमेकडे जातो आणि त्याच्या शेवटी दोन उंच इमारतींमधून समुद्र सामोरा येतो. या जोडीला 'सागरद्वार' असेच नाव आहे.

या एकसारखेपणाचे कारण शहरात जपलेल्या एका नमुना-घरात कळते. १९५० च्या सुमाराचे ते बिऱ्हाड जसेच्या तसे मांडून ठेवले आहे. दोन्ही बाजूंनी येणारा उजेड, ऊब देणारी सामाईक यंत्रणा, न्हाणीघर, सुटसुटीत स्वयंपाकघर. कष्टकऱ्यांच्या ज्या वस्त्यांत अशा सोयी विरळ होत्या, तेथे ही क्रांती होती. मोजून मापून बांधल्यामुळे कमी खर्चात, कमी वेळात अधिक कुटुंबांना घर देता आले. सौंदर्याचे काही अलंकार वजा करून उजेड सर्वांना सारखा वाटला गेला. न्यायाचा चेहरा पुष्कळदा असा साधा, किंबहुना रुक्ष असतो.

तरीही हा न्याय पूर्ण होता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ज्यांची घरे पडली त्या मालकांना भरपाईपोटी नव्या इमारतींत हक्क मिळाला. भाडेकऱ्याच्या हाती मात्र दाखवण्यास काही नव्हते. कित्येक कुटुंबांनी अमेरिकन सैन्याने सोडलेल्या छावण्यांत, बराकींत वर्षे काढली. ज्याला घर मिळाले त्यालाही आपली जुनी गल्ली मिळाली नाही. 'हे आमचे शहर नव्हे', ही खंत पुष्कळ काळ टिकली, आणि करड्या, उदास शहराचा लौकिकही ल आव्रला चिकटला. २००५ साली युनेस्कोने या मध्यभागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोवर दोन पिढ्या सरल्या होत्या.

या खंतीला बायबलमध्ये जागा आहे. एज्राच्या ग्रंथात दुसऱ्या मंदिराचा पाया घातल्याचा प्रसंग येतो. तरुण आनंदाने जयघोष करीत होते. पहिले मंदिर ज्यांनी पाहिले होते ते वृद्ध याजक मोठ्याने रडत होते. रडणे कोणते आणि जयघोष कोणता, हे ऐकणाऱ्यांना ओळखता येईना. धर्मग्रंथाने वृद्धांना दटावलेले नाही आणि तरुणांना थांबवलेले नाही. दोन्ही आवाज एकाच परमेश्वरासमोर पोहोचले.

मग जसेच्या तसे बांधणाऱ्यांचे काय? ब्रिटनी प्रांतातील सँ-मालो हे तटबंदीचे शहरही ऑगस्ट १९४४ मध्ये उद्ध्वस्त झाले. ते जुन्या वळणाने, ग्रॅनाइटच्या दगडात पुन्हा उभे राहिले. वॉर्सा शहराचा जुना भागही पूर्वीसारखा रचला गेला. तेथे शत्रूने एका राष्ट्राची स्मृतीच पुसण्याचा घाट घातला होता. म्हणून जुनी भिंत उभी करणे हेच सत्याची साक्ष देणे ठरले. यावरून एक सर्वत्र लागू पडणारा नियम काढता येत नाही. पण कसोटी मात्र एक सांगता येते: नवी वास्तू झालेल्या घावाविषयी खरे बोलते का?

ही कसोटी सागरद्वारापासून जवळच असलेल्या संत जोसेफ चर्चमध्ये लख्ख होते. हे पेरेचे अखेरचे मोठे काम. त्याची कोनशिला १९५१ साली बसली आणि बांधकाम त्याच्या मृत्यूनंतर १९५७ साली पुरे झाले. बॉम्बहल्ल्यांत मेलेल्यांचे ते स्मारक आहे. बाहेरून एकशे सात मीटर उंचीचा करडा मनोरा, दीपस्तंभासारखा. आत शिरताच मात्र पाय थबकतात. मध्यभागी वेदी, चार कोपऱ्यांत खांबांचे चार पुंजके, आणि त्यांवर तोललेला पोकळ अष्टकोनी मनोरा थेट आकाशात गेलेला. भिंतींत रंगीत काचेचे १२,७६८ तुकडे आहेत; ही रचना मार्गरित ह्युरे या कलावतीची. उत्तरेकडे व पूर्वेकडे थंड छटा, दक्षिणेकडे व पश्चिमेकडे उष्ण व सोनेरी. सूर्य जसा फिरतो तसा करड्या काँक्रीटवर रंग सरकत राहतो. काँक्रीट लपवलेले नाही, त्यावर गिलावाही नाही.

पुनरुत्थित प्रभूच्या देहाविषयी शुभवर्तमान दोन गोष्टी सांगते. तो देह नवा होता. मग्दालियाच्या मारियेला आणि एम्माऊसच्या वाटेवरील शिष्यांना तो चटकन ओळखू आला नाही. आणि त्या देहावर खिळ्यांचे व्रण होते. ते थोमाला दाखवले गेले. देवपित्याने पुत्राला मरणापूर्वीच्या स्थितीत परत आणले नाही, आणि व्रणही पुसले नाहीत. ख्रिस्ती आशा ही पूर्ववत होण्याची आशा नव्हे, हे आपण श्रद्धेच्या अंगीकारात दर रविवारी म्हणतो. पण घर, गाव, नातेसंबंध यांच्याबाबतीत मात्र सारे पूर्वीसारखे व्हावे असेच मागत राहतो. संत जोसेफच्या मनोऱ्याखाली ल आव्रने थोमासारखी आपली जखम हाताने चाचपली आहे. हा मनोरा नसता, तर बाकीची सारी घरे न्याय्य असूनही मुकी राहिली असती.

तेथून रू द पारीच्या कमानदार पदपथाने परतावे. वाटेत ऑस्कर नीमायरने रचलेले, १९८२ साली खुले झालेले पांढरे, वक्राकार संस्कृतिभवन लागते. लोक त्याला 'ज्वालामुखी' म्हणतात. पेरेच्या सरळ रेषांना ते जणू खट्याळपणे छेद देते. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकातील नोत्र दाम चर्च उभे आहे. बॉम्बने ते जायबंदी झाले, दुरुस्त झाले, आणि १९७४ साली नव्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल बनले. जे वाचले ते जपले, जे गेले त्याचे सोंग आणले नाही, आणि पुढच्या पिढीला तिची रेघ ओढू दिली.

हा प्रश्न आपल्या अंगणातलाही आहे. गर्दी मावेना म्हणून जुने चर्च पाडावे की राखावे, वडिलोपार्जित घराच्या जागी काय उभारावे, यावरून धर्मग्रामांत आणि भावाभावांत बोलणी होतात, कधी अबोलेही होतात. अशा वेळी कोणता नकाशा अधिक देखणा हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नव्या वास्तूत ज्याच्या हाती दाखवण्यास कागद नाही, त्याला जागा आहे का? जे मोडले त्याची खूण कोठेतरी उघडी ठेवली आहे का? आणि जयघोष करणाऱ्यांच्या शेजारी रडणाऱ्या वृद्धांना उभे राहू दिले आहे का? या तिहींचे उत्तर होकारार्थी असेल, तर काँक्रीट असो वा दगड, मृतांचे ऋण आपण फेडू लागलो आहोत असे समजावे.