अर्थशुद्धी आणि नालवाडीचे चर्मालय



चंद्रभागेत बुडी मारली की देह निर्मळ झाला, असे आपण समजतो. ते खरेच आहे. पण मनुस्मृतिकारांनी शौचाचे प्रकार सांगताना माती-पाण्याच्या शुद्धीहून अर्थाची शुद्धी श्रेष्ठ मानली आहे. गल्ल्यातला पैसा ज्या वाटेने आला, ती वाट स्वच्छ पाहिजे. महिपतिबुवांनी वर्णिलेले चरित्र आठवा. तुकोबारायांनी सावकारीची खते इंद्रायणीत सोडली. मात्र भावाच्या वाट्याची निम्मी त्याला देऊन मग आपली सोडली. दुसऱ्याच्या हक्कावर आपला त्याग लादला नाही. हा केवढा बारकावा!

हल्ली महाविद्यालयांतून व्यापारनीती शिकवतात, शाश्वत उद्योजकता असा शब्द निघाला आहे. चांगलेच आहे. पण हे पाठ आमच्या वर्ध्याजवळ नालवाडीत खडूफळ्यावाचून गिरवले गेले. विनोबाजी 1932 साली येथे हरिजनवस्तीत येऊन राहिले. 1934 साली ग्रामसेवा मंडळ निघाले. गोपाळराव वाळुंजकरांनी येथे चर्मालय चालविले. आता चर्मालय म्हटले की नाक मुरडणारे आपल्यातही निघतील, आणि गळ्यात तुळशीची माळ घालून निघतील! रोहिदासांचे नाव घ्यायचे आणि कातड्याला विटाळ मानायचा, हे कसले संतप्रेम?

तेथला नियम असा की, कातडे घ्यायचे ते आपल्या मरणाने मेलेल्या गुराचेच. कत्तलीचे घ्यायचे नाही. बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कातडी कमवायची. राहिलेल्या मांसाहाडांचेही खत करायचे. टाकायचे काही नाही. का? मेलेल्या जनावराचा पुरता उपयोग झाला तर गाय शेतकऱ्याला जड होत नाही, आणि ज्या हातांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांना मानाची मजुरी मिळते. दया आणि हिशेब एका वहीत आले, बाबांनो. मगनवाडीला 1934 पासून ग्रामोद्योग संघाचे काम पाहणाऱ्या कुमारप्पांनी पुढे 1945 साली स्थायी अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्यातला विचार याच मातीतला.

दुसरी गोष्ट मजुरीची. 1935 साली विनोबाजींनी नालवाडीत सूत कातून, त्याच मजुरीवर पोट भरण्याचा प्रयोग केला. कातणारी बाई किती मिळवते आणि त्यात काय खाते, हे स्वतःच्या ताटात पाहिले. त्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे ठरवले. खादी महागणार हे दिसत होते, तरी ठरवले. धंद्याची नीती म्हणतात ती ही. खोक्यावर हिरवे पान छापणे सोपे. कारागिराच्या ताटात डोकावणे कठीण.

कीर्तनानंतर एक दुकानदार मला म्हणाले, "महाराज, खरा भाव सांगितला की गिऱ्हाईक शेजारी जाते." मी म्हटले, "जाईल. खादीचेही गेले असेल. पण यंदा वारीच्या दिवसांत केळ्यांचा भाव चढवाल तेव्हा, चढवलेले चार आणे कोणाच्या कनवटीचे, एवढे तरी विचारून पाहा." ते म्हणाले, "आणि तुमची बिदागी, महाराज? ती कोणाच्या कनवटीची?" प्रश्न वाजवी होता. त्या रात्री मी गावकऱ्यांकडून वर्गणीची वही मागून घेतली आणि मजूरवाड्यातली नावे वेगळी काढून ती रक्कम परत करायला सांगितली.