सुतक कुणी पाळायचं?

ज्याचं माणूस मेलं त्यानं, हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. म्हणून 10 जानेवारी आली की भागवत जाधवचं नाव फक्त आपणच घेतो. 5 जानेवारी 1974ला वरळीच्या बी.डी.डी. चाळींत पँथरची सभा उधळली, दंगल पेटली, पोलीस चाळींत घुसले. पाच दिवसांनी निषेधाचा मोर्चा परळमधून चालला असताना वरून दगड आला. भागवत गेला. प्रभादेवी स्टेशनातून पूर्वेला उतरलं की परळच. रोज हजारो माणसं तिथनं कामावर जातात. त्यांच्या लेखी 10 जानेवारी म्हंजे पगारानंतरची एक तारीख.

जर्मनीत ड्रेस्डेन नावाचं शहर आहे. 13 फेब्रुवारी 1945च्या रात्रीपासून ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ते जाळलं. सुमारे 25,000 माणसं मेली. 'आम्हीच खरे पीडित' म्हणून मिरवायला एवढं भांडवल पुष्कळ. पूर्व जर्मनीच्या सरकारनं ते पश्चिमेविरुद्ध वापरलं, पुढं नवनाझी आकडा फुगवून मोर्चे काढू लागले. 2010 पासून शहरातली माणसं त्या दिवशी हातात हात धरून साखळी करतात. त्याहून अवघड काम करणारेही तिथं आहेत. ते फेरी काढतात आणि नाझींचा कारभार कुठून चालला त्या जागा दाखवतात. स्वतःच्या मयताच्या दिवशी स्वतःच्याच गुन्ह्याचा पत्ता सांगायचा! जर्मनांना देव्हाऱ्यात बसवू नका. युद्ध हरल्यावर, खटले चालल्यावर आलेलं शहाणपण आहे ते. पण आलं.

आपला एखादा मित्र म्हणेल, त्यांचे अश्रू हवेत कुणाला? बरोबर आहे, अश्रू नकोतच. पण दगड आभाळातून पडला नव्हता. त्याला खिडकी होती, खिडकीला घर होतं, घराला गल्ली. शहीद आपला, तर ती गल्ली कुणाची? आपण पन्नास वर्षं अभिवादन करतोय आणि त्यात त्यांची लाज परस्पर फिटतेय. त्यांच्या वतीनं शरमायचं काम आपण का अंगावर घ्यावं?

वरळीच्या चाळी आता पाडल्या जातायत, टॉवर उभे राहिलेत. पाटी लावायची तर भिंतसुद्धा उरणार नाही. तेव्हा येत्या 10 जानेवारीला निवेदन महापालिकेत द्याच, पण एक प्रत परळच्या सार्वजनिक मंडळांकडेही न्या. ती गणपतीत देखावे करतात, त्यांच्याकडे फळा असतो, खडू असतो. ओळ काय लिहायची ती त्यांनाच ठरवू द्या. नकार मिळाला तर तोही तारखेसकट लिहून आणा.