नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

आपल्या भाषेंत ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ ह्यांत एका वचनाचेंच काय तें अंतर आहे. पण पहिल्यांत बारसें आहे, तर दुसऱ्यांत निंदा. लोकसमूहांच्या नांवांचा इतिहास पाहिला म्हणजे ह्या दोन गोष्टी किती सहज एक होतात तें कळून येतें.

इंग्रजींतील ‘वेल्श’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘परका’ असा आहे. नवल हें कीं, त्या बेटांत हे लोक आधींचे. मागून आलेल्यांनीं त्यांना परके ठरविलें. ते स्वतःला ‘कुम्री’, म्हणजे देशबांधव, म्हणवितात. १४९२ मध्यें कोलंबस अमेरिकेस पोहोंचला, तेथील लोकांना त्यानें ‘इंडियन’ म्हटलें; चूक उमगली, तरी शब्द राहिला.

आपण तरी निराळें काय केलें? आयोनियन ग्रीकांचा ‘यवन’ हा शब्द आपण पुढें वाटेल त्या परकीयाला लाविला. मात्र परक्यानें दिलेलें नांव तेवढ्यानेंच वाईट ठरत नाहीं. ‘हिंदू’ हा शब्द सिंधु नदीच्या नांवाचा इराणी उच्चार. तो आपण आपलासा केला. प्रश्न शब्दाच्या जन्माचा नाहीं, स्वीकाराचा आहे.

यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुका घ्या. येथील गोंड स्वतःला ‘कोइतूर’ म्हणवितात, कोलाम ‘कोलावर’ म्हणवितात. सरकारदप्तरीं मात्र इतरांनीं रूढ केलेलीं नांवें चढलीं. १९५० पासून त्यांना ‘अनुसूचित जमाती’ हें आणखी एक नांव मिळालें. परंतु ह्या जिल्ह्यांत तें केळापूर, वणी व यवतमाळ ह्या तीन तालुक्यांपुरतेंच. एक भाऊ केळापुरांत आणि दुसरा पुसदेस राहत असेल, तर कायद्याच्या लेखीं दोघांची जमात निराळी! एकाला सवलती, दुसऱ्याला नाहींत. ही तालुक्यांची अट १९७६ च्या कायद्यानें उठली. माणसें तींच, रक्त तेंच. नांवाच्या सीमा मात्र दप्तरानें आंखल्या होत्या.

ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, नांव देण्याचा अधिकार हा वस्तुतः सत्तेचाच एक प्रकार आहे. म्हणून तो वापरतांना संकोच हवा. व्यवहारास नांवें लागणारच. पण ज्याचें नांव, त्याला आधीं विचारावें, हा साधा शिष्टाचार आपण पाहुण्याशीं पाळतों. शेजाऱ्याशीं तो पाळण्यास आपल्याला कोणती अडचण आहे?